डोंगरचे सीताफळ बागेत येते तेव्हा

गणपती उठले की बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाचे दिवस सुरू होतात. धारूरच्या घाटात, अंबाजोगाईच्या नि पाटोद्याच्या रस्त्याकडेला बायाबापड्या पाट्या आणि डालगी मांडून बसलेल्या दिसतात. एसटी थांबते, खिडकीतून हात बाहेर येतो, दोन शब्दांत भाव ठरतो आणि गाडी सुटायच्या आत पिशवी आत जाते. ही फळे कोणी लावलेली नसतात, त्यांना कोणी पाणी घातलेले नसते. खाऊन थुंकलेली बी दगडाच्या फटीत पडली, पाऊस लागला, झाड आले. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले. त्यामुळे सीताफळ हे कापूस-ज्वारीसारखे 'पीक' आहे असे आमच्या भागात कोणी म्हटले असते, तर पूर्वी लोक हसले असते.

आज हसत नाहीत. बीड जिल्ह्यात सीताफळाच्या लावलेल्या, छाटलेल्या, ठिबकावर जोपासलेल्या बागा उभ्या आहेत, आणि अंबाजोगाईला या एका फळासाठी वेगळे संशोधन केंद्र आहे. ते परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. वसंतराव नाईकांचे नाव त्याला २०१३ मध्ये दिले गेले. सफरचंदाचे संशोधन काश्मीर-हिमाचलात चालते, संत्र्याचे नागपुरास, डाळिंबाचे सोलापुरास, द्राक्षाचे पुण्याजवळ मांजरीला. या सगळ्या मानाच्या फळांच्या पंक्तीत आपले सीताफळ उशिरा येऊन बसले. गरिबाचे फळ म्हणून त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नव्हते, असे म्हटले तर चूक होणार नाही.

सीताफळाचे झाड दुष्काळातही जगते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरेही आहे. परंतु झाड जगणे ही एक गोष्ट आणि झाडाने घर जगवणे ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये जे अंतर आहे तेवढेच संशोधनाचे काम आहे, आणि बाग लावण्याआधी शेतकऱ्याने तेवढेच नीट समजून घेतले तरी त्याचे पुष्कळ पैसे वाचतील.

हे झाड मुळात आपले नाही, असे वनस्पतिशास्त्राचे जाणकार मानतात. त्याचे मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते इकडे आले असे सांगितले जाते. इंग्रज पुराणवस्तू-संशोधक कनिंगहॅम याला भारहुत व मथुरेच्या प्राचीन शिल्पांत सीताफळासारखे फळ कोरलेले दिसले होते, आणि त्यावरून वादही बराच झाला. तो वाद विद्वानांनी करावा. आपल्या लोकांनी मात्र त्याला सीतामाईचे नाव दिले, त्याच्या भावंडांना रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ म्हटले आणि सगळे कुटुंबच घरचे करून टाकले.

या झाडाला बालाघाट मानवला याची कारणे साधी आहेत. उन्हाळा आला की ते पाने गाळून टाकते, म्हणजे पाण्याचा खर्चच बंद करते. मुरमाड, हलक्या, दगडगोट्यांच्या जमिनीत ते तग धरते. उलट काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत त्याची मुळे कुजतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शेळी त्याला तोंड लावत नाही. पानाला उग्र वास आणि कडवटपणा असतो, त्यामुळे मोकाट जनावरे ते सोडून पुढे जातात. ज्या गावात कुंपणाला पैसे नाहीत तिथे हा गुण किती मोलाचा आहे, ते ज्याची आंब्याची रोपे शेळ्यांनी खाल्ली त्याला विचारावे.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना, औरंगाबाद, बीड या पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांची झाडे लोकांनी डोळ्यांदेखत तोडून सरपण केली. त्यानंतर पुन्हा दोन वर्षे पाऊस रुसला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात डोंगरातली सीताफळे वाळल्यासारखी दिसत होती, पण पहिल्या पावसाला पुन्हा फुटली. तेव्हापासून सीताफळाकडे पाहण्याची आपल्याकडची नजर बदलली असे माझे मत आहे.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुष्काळात झाड वाचते, फळ वाचत नाही. फुले लागण्याच्या आणि फळ पोसण्याच्या वेळी ओल नसेल तर फळ बोराएवढे राहते, किंवा काळे पडून, दगडासारखे होऊन फांदीलाच चिकटून बसते. कमी पाण्यावर येणारे फळझाड एवढे ऐकून बिनपाण्याची बाग लावायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाणी थोडे लागते, पण वेळेवर लागते.

शंभर झाडांतले एक झाड

डोंगरातल्या सीताफळाची मोठी अडचण म्हणजे एक झाड दुसऱ्यासारखे नसते. एकाचे फळ गोड आणि गरदार, शेजारच्याचे नुसते बियांनी भरलेले. एकाचे डोळे मोठे आणि फुगीर, तर एकाचे बारीक. बीपासून आलेल्या झाडात हे होणारच. आईचे गुण लेकीत जसेच्या तसे उतरत नाहीत, बापाकडचेही येतात, तसेच हे. चांगल्या फळाची बी जपून लावली तरी येणारे झाड तसेच निघेल याची कोणालाही हमी देता येत नाही. पाच वर्षे वाट पाहायची आणि मग कळायचे की फळ हलके निघाले, हा जुगार घरचे एखादे झाड बांधावर लावताना चालतो. एकरभर बागेत तो परवडत नाही.

म्हणून संशोधकांचे पहिले काम चांगले झाड हुडकण्याचे. याला निवड पद्धत म्हणतात. ऐकायला सोपी, करायला वेळखाऊ. ज्या झाडाचे फळ लोक वाखाणतात ते झाड पाहायचे, त्याची फळे तोलायची, गर किती, बिया किती, साल किती हे वेगवेगळे काढून मोजायचे, गोडी मोजायची, फळ पिकल्यावर किती दिवस टिकते ते पाहायचे. हे एका हंगामात होत नाही, कारण एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणूनही फळ मोठे येते. वर्षामागून वर्षे तेच झाड चांगले उतरले, तर त्याची कलमे करून दुसऱ्या जमिनीत लावायची आणि तिथेही तो गुण टिकतो का ते पाहायचे. अंबाजोगाईच्या केंद्राने अशा निवडीतूनच 'धारूर-६' हा वाण पुढे आणला. नावातच गाव आहे. आपल्या भागात बरीच वर्षे तेलंगणातल्या महबूबनगरकडचा 'बालानगर' हाच सुधारित वाण म्हणून लावला जाई. त्याच्या जोडीला आपल्या मातीतला, मोठ्या फळाचा आणि जास्त गराचा वाण मिळाला.

एकदा झाड निवडले की त्याचा गुण धरून ठेवायचा उपाय एकच, तो म्हणजे कलम. गावठी सीताफळाच्या बीचा खुंट तयार करायचा, कारण त्याची मुळे इथल्या मुरमाला सरावलेली असतात, आणि त्यावर निवडलेल्या झाडाची कोवळी काडी पाचर करून बसवायची. खाली डोंगर आणि वर निवडलेले झाड, अशी ती सोयरीक. बीच्या झाडाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात, कलमाला तिसऱ्या वर्षापासून थोडेथोडे फळ दिसू लागते. पहिली फळे मोह आवरून काढून टाकावीत म्हणजे झाड अंग धरते, असे जाणकार सांगतात. पाच मीटर बाय पाच मीटरवर लावले तर एकरी सुमारे १६० झाडे बसतात.

रोपवाटिकेतून कलम आणताना डोळे उघडे ठेवावेत. बीच्या रोपाला खोटा सांधा दाखवून कलम म्हणून विकणारेही आहेत, आणि ती फसवणूक चार वर्षांनी कळते, तेव्हा भांडायला कोणी समोर नसते. सांधा हाताने पाहावा, त्याच्या खाली फूट असेल तर ती खुंटाची, काढून टाकावी. वाणाचे नाव लिहिलेली पावती मागावी. शक्यतो विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्यावे, दोन रुपये जास्त गेले तरी.

फुलाची गोष्ट

आता ज्या गोष्टीमुळे सीताफळाच्या बागायतदाराचे नशीब ठरते तिच्याकडे येऊ. झाडाला फुले तर लदबदलेली दिसतात, मग फळे इतकी कमी का? हा प्रश्न प्रत्येक नव्या बागायतदाराला पडतो. तो खताला दोष देतो, औषध फवारतो, देवऋष्यालाही विचारतो. कारण मात्र फुलाच्या आतच असते.

सीताफळाचे फूल खाली मान घातलेले, हिरवट पिवळे, तीन जाड पाकळ्यांचे असते. मध्ये एक लहानशी गुंडी असते. तिच्या टोकाकडे मादीचे भाग आणि बुडाशी चहूबाजूंनी नराचे भाग, म्हणजे एकाच फुलात दोन्ही. पण निसर्गाने गंमत अशी केली आहे की दोघे एका वेळी जागे नसतात. पाकळ्या जराशा उघडतात तेव्हा मादी भाग ओलसर, चिकट आणि परागकण घ्यायला तयार असतो. त्या वेळी नर भाग बंद असतो. पाकळ्या पूर्ण फाकतात आणि नर भागातून पराग सुटतो, तोवर मादी भाग सुकून गेलेला असतो. एका घरात राहून नवरा दिवसपाळीला आणि बायको रातपाळीला, अशातला प्रकार. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या, नुकत्या उघडणाऱ्या फुलाकडे कोणीतरी न्यायला हवा. मधमाशी या फुलाकडे फारशी फिरकत नाही. हे काम फुलात शिरणारे अगदी बारीक भुंगेरे करतात, आणि ते नेहमी पुरेसे असतात असे नाही. त्यातून हवा कोरडी आणि ऊन कडक असेल तर मादी भाग लवकरच सुकतो, परागही मरतो. उन्हाळ्यातली फुले म्हणूनच गळून पडतात आणि पावसाची ओल हवेत आली की फळ धरू लागते. शंभर फुलांतली बोटांवर मोजण्याइतकी टिकली तरी निसर्गाच्या हिशेबाने ते ठीकच असते.

आणखी एक बाब. सीताफळ हे एक फळ नाही, अनेक लहान फळांचा गुच्छ आहे. वरचा प्रत्येक डोळा म्हणजे एक वेगळे फळ. ज्या डोळ्याला पराग मिळाला तो बी धरतो आणि फुगतो. ज्याला मिळाला नाही तो खुजा राहतो. एका बाजूने भरलेले आणि दुसऱ्या बाजूने बसलेले वाकडे सीताफळ आपण किती वेळा पाहतो! त्याला दृष्ट लागलेली नसते, पराग अर्धवट पोहोचलेला असतो.

उपाय म्हणजे हाताने परागीकरण. संध्याकाळी पूर्ण उमलत आलेली फुले तोडून आणायची आणि कागदावर सावलीत पसरून ठेवायची. पहाटेपर्यंत त्यांचा पराग सुटतो. तो वाटीत किंवा लहान डबीत झटकून घ्यायचा. सकाळी ऊन चढायच्या आत मऊ कुंचला परागात बुडवून, नुकत्या किलकिल्या झालेल्या फुलाच्या पाकळ्या बोटांनी हलकेच दूर करून, गुंडीच्या टोकाभोवती फिरवायचा. चित्र काढायचा साधा ब्रश चालतो. जोर करायचा नाही, सगळीकडे फिरला पाहिजे, म्हणजे फळ गोल भरते. आठ-पंधरा दिवसांत गुंडी हिरवी राहून फुगली तर काम झाले. काळी पडून गळाली तर चुकले. सगळी फुले करू नयेत, जाड फांदीजवळची करावीत, कारण शेंड्यावरचे मोठे फळ फांदीला पेलत नाही.

हे काम कष्टाचे नाही, सवयीचे आहे. ज्या हातांना कापसाची बोंडे वेचण्याचा नि शेवया वळण्याचा सराव आहे ते हात दोन दिवसांत हे शिकतात. घरातल्या सासू-सुनांनी सकाळचा चहा होईतो दोन ओळी उरकल्या, असे सहज होऊ शकते. आपल्याला हे नवे वाटते, पण स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर सीताफळाच्याच भावकीतले चेरीमोया हे फळ पिकवणारे शेतकरी अशाच रीतीने हाताने पराग लावतात, आणि तैवानातही तेच चालते. अमेरिकेत मायामी येथे वेस्टर नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८ साली चेरीमोया आणि सीताफळ यांचा हाताने संकर केला. त्यातून ॲटेमोया ही नवी जात आली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ॲटेमोयाच्या 'आयलंड जेम' या वाणाचा 'मॅमथ' या सीताफळाशी संकर करून 'अर्का सहान' काढला. त्याची फळे मोठी, फार गोड, बिया थोड्या, आणि ते सावकाश पिकते. पण त्याला चांगले फळ धरायचे तर बालानगरचा पराग हाताने लावावा लागतो. नुसते कलम आणून लावले आणि फळांची वाट पाहत बसले, असे करून 'अर्का सहान'ला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

कोणता वाण लावावा?

हा प्रश्न चावडीवर सर्वांत जास्त चर्चिला जातो. शेजारच्या बार्शी तालुक्यात गोरमाळे येथील नवनाथ कसपटे या शेतकऱ्याने स्वतःच्या बागेत वर्षानुवर्षे निवड करून 'एनएमके-१', म्हणजे लोक ज्याला गोल्डन म्हणतात तो वाण तयार केला. प्रयोगशाळा नसलेल्या शेतकऱ्याने नजरेच्या आणि चिकाटीच्या जोरावर हे केले, याचे कौतुक केले पाहिजे. फळ मोठे, दिसायला सोनेरी झाक असलेले, बिया कमी, आणि पिकल्यावर इतरांपेक्षा जास्त दिवस टिकणारे. दूरच्या बाजारात पाठवायला ते सोयीचे पडते, म्हणून गोल्डनची लागवड झपाट्याने पसरली. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या जाधववाडीला राहुरी विद्यापीठाचे अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे; तिथून 'फुले पुरंदर', 'फुले जानकी' हे वाण आले.

माझे मत विचाराल तर सगळी बाग एका वाणाची करू नये. गोल्डनचा हंगाम उशिरा येतो, बालानगर आणि आपला धारूरचा वाण त्याच्या आधी. दोन्ही असले तर तोडणीचा भार एकदम अंगावर पडत नाही, बाजारात भाव कोसळला तरी सगळाच माल त्यात सापडत नाही, आणि परागाचीही देवाणघेवाण होते. चवीचे म्हणाल, तर डोंगरच्या सीताफळाची जी दाणेदार गोडी आहे तिची ओढ लागलेले गिऱ्हाईक मोठ्या फळाला भुलत नाही. पण मुंबई-हैदराबादच्या व्यापाऱ्याला आधी आकार दिसतो, चव नंतर कळते.

छाटणीबाबत थोडक्यात सांगतो. सीताफळ मुख्यतः नव्या फुटीवर फुलते. म्हणून पाने गळाल्यावर वाळलेल्या, आत घुसलेल्या, एकमेकींवर चढलेल्या फांद्या काढाव्यात आणि गेल्या वर्षीच्या काड्या आखूड कराव्यात. झाडाच्या पोटात ऊन गेले पाहिजे. बाकीचे खतपाण्याचे वेळापत्रक जमीन आणि बहर पाहून केंद्रातून विचारून घेतलेले बरे. एकाने सांगितलेले प्रमाण दुसऱ्याच्या जमिनीला लागू होतेच असे नाही.

कापसासारखा पांढरा शत्रू, तसाच मित्र

सीताफळाच्या डोळ्यांच्या खाचांत पांढरे पीठ पसरल्यासारखे दिसते तो पिठ्या ढेकूण. फळाचा रस शोषतो, चिकट गोड पाणी सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि फळाला गिऱ्हाईक हात लावत नाही. याची पिले जमिनीतून खोडावर चढतात, आणि मुंग्या त्या गोड पाण्याच्या लोभाने त्यांना जपतात. म्हणून खोडाला जमिनीपासून फूट-दीड फुटावर चिकट पट्टी बांधली, आळ्यातले तण काढले आणि मुंग्यांची वारुळे मोडली, तर निम्मे काम फवारणीशिवाय होते.

उरलेले निम्मे क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा करतो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा; १८९८ साली तो भारतात आणला गेला. पिठ्या ढेकूण हेच त्याचे जेवण. अडचण एवढीच की त्याची अळीसुद्धा अंगावर पांढरे मेणाचे झुपके घेऊन हिंडते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. पैसे देऊन मित्रकीटक आणायचे आणि त्यांचीच पिले शत्रू समजून चिरडायची, असे घडते. ओळख सोपी आहे: पिठ्या ढेकूण जवळजवळ बसून असतो, ही अळी लगबगीने चालते. भुंगेरे सोडल्यावर विषारी औषध मारायचे नाही, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

उघडलेले डोळे आणि बंद पेटी

सीताफळ कधी तोडावे हे आपल्या आज्जीला पुस्तकाशिवाय कळत होते. डोळे उघडले, म्हणजे डोळ्यांमधल्या खाचा रुंद होऊन तिथला रंग हिरव्याचा पिवळसर पांढरा झाला, की फळ तोडीला आले. खाचा बंद असताना तोडलेले फळ अढीत घाला नाहीतर पेटीत, ते काळे पडेल पण गोड होणार नाही. रस्त्यावर विकायच्या घाईने कोवळी फळे ओरबाडली जातात, आणि त्याने साऱ्या बीडच्या सीताफळाचे नाव खराब होते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव वापरायचे तर शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. नुसते मानांकन मिळाल्याने पेटीला चार पैसे जास्त येत नाहीत.

खरी अडचण पिकल्यानंतरची आहे. तोडल्यावर दोन ते पाच दिवसांत सीताफळ मऊ पडते. इतर फळांसारखे थंडीत ठेवावे तर साधारण १५ अंशांच्या खाली साल काळी पडते आणि आतला स्वाद जातो. गर काढून आंब्यासारखा उकळून डब्यात भरावा, तर तोही मार्ग बंद, कारण साठ-पासष्ट अंशांच्या आसपास तापला की सीताफळाचा गर कडू होतो. घरी सीताफळाची बासुंदी करणाऱ्या बाया म्हणूनच दूध आटवून, गार करून, मग गर घालतात. शास्त्राने नंतर सांगितलेले स्वयंपाकघराला आधीच ठाऊक होते. गर टिकवण्याचा उपाय म्हणजे बिया वेगळ्या करून तो झटपट गोठवणे आणि शून्याखाली १८ ते २० अंशांवर ठेवणे. असा गर आइस्क्रीम आणि रबडीवाले वर्षभर घेतात. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी विद्यापीठाने गर काढण्याची पद्धत बसवली, आणि राजस्थानातल्या डोंगरी भागात जंगलातली सीताफळे वेचणाऱ्या आदिवासी बायकांना त्यातून काम मिळाले. त्यांचा डोंगर आणि आपला डोंगर यांत फार फरक नाही. मात्र गोठवण्याला वीज लागते, आणि ती अखंड लागते. चार तास भारनियमन झाले तर सगळा माल गेला. तेव्हा एकट्या-दुकट्याने यात पडू नये, पाच-पंचवीस बागायतदारांनी मिळून आधी घेणारा ठरवावा आणि मग यंत्र घ्यावे.

बीड जिल्ह्यात या साऱ्याला आणखी एक बाजू आहे, ती इतर जिल्ह्यांना समजणार नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावांतून गाड्या भरून माणसे उसाच्या फडाकडे निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, कारण त्या दिवसांत घरात पैसा नसतो. सीताफळाचा हंगाम नेमका याच वेळी, गणपती ते दिवाळी. एकरभर बाग एका कोयत्याचे सगळे देणे फेडील असे मी म्हणणार नाही. तसे सांगणारा बहुधा कलमे विकणारा असतो. पण उचल घेण्याच्या दिवसांत घरात काही पैसा आला, तर उचल किती घ्यायची आणि सुनेला तरी या वर्षी पोरांपाशी घरी ठेवता येईल का, याचा विचार करायला जागा मिळते. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत मात्र बागेतून काही मिळत नाही, त्या काळात ओळींमध्ये मूग, मटकी, हुलगा घ्यावा लागतो. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना महाराष्ट्रात १९९० पासून सुरू झाली. आजही रोजगार हमीतून आणि २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर योजनेतून साहाय्य मिळते. अटी दरवेळी कृषी सहायकाकडून नव्याने विचारून घ्याव्यात.

राहता राहिली डोंगरातली जुनी झाडे. बागा वाढल्या तशी त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ लागले आहे. कुठे वणव्यात जातात, कुठे सरपणाला तुटतात. पण धारूर-६ जिथून निघाले ते घर हेच. उद्याचा टिकाऊ, कमी बियांचा वाण एखाद्या खडकाच्या आडोशाला आजही उभा असू शकतो, आणि तो केंद्रातल्या साहेबांच्या आधी गुराख्याला ठाऊक असतो. अशा झाडाच्या मालकाने किंवा पाहणाऱ्याने एवढे करावे: तीन हंगाम फळे पाहावीत. दरवर्षी दहा पिकली फळे तोलून वजन लिहावे, बिया मोजाव्यात, तोडल्यापासून किती दिवसांनी मऊ पडले ते लिहावे. पोराच्या जुन्या वहीचे कोरे पान पुरते. ती वही आणि चार फळे घेऊन अंबाजोगाईच्या केंद्रात जावे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा आहे. शेतकऱ्याला आपला वाण त्याखाली स्वतःच्या नावावर नोंदवता येतो, आणि त्या नोंदणीला शेतकऱ्याकडून शुल्क घेत नाहीत. झाडाला खूण करताना खिळा ठोकू नये, रंगाचा पट्टा ओढावा किंवा दोरी बांधावी. आणि फळे हाती येईपर्यंत ते झाड कोणते हे गावातल्या पोरांना कळू देऊ नये.